परदेशात नोकरी लागली, पण उस्मानपुऱ्यातल्या बचत खात्याचं काय? समजून घ्या सोप्या भाषेत

एनआरओ, एनआरई, ओटीपी, टीडीएस… विमानात बसण्याआधी या चार गोष्टी मार्गी लावल्या नाहीत, तर नेमक्या गरजेच्या दिवशी स्वतःचेच पैसे हाती येत नाहीत.

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर

उस्मानपुऱ्यातल्या एका बँकेच्या काउंटरवर मी माझ्या वर्गमित्राच्या आईसोबत उभा होतो. काका आदल्या रात्री दवाखान्यात दाखल झाले होते आणि दुपारपर्यंत डिपॉझिट भरायचं होतं. पैसे होते, पण मुलाच्या खात्यात. हे खातं त्यानं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी स्कॉलरशिपसाठी उघडलं होतं. आता तो तीन वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. एटीएम कार्ड काकूंकडे होतं, पण ते चालेना. केवायसी अपडेट नसल्यानं व्यवहार थांबवले होते. नेट बँकिंगचा ओटीपी ज्या नंबरवर यायचा, ते सिम रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडलं होतं.

काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "मुलगा स्वतः येऊन जाऊ शकेल का?"

काकू त्या काळजीतही थोड्या अभिमानानं म्हणाल्या, "तो जर्मनीला असतो. नोकरीला."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "मग काकू, हे खातं आता असं चालवता येत नाही."

त्या दिवशी डिपॉझिट आम्ही मित्रांनी मिळून भरलं. काका बरे होऊन घरी आले. खात्याचा प्रश्न सुटायला मात्र सात आठवडे लागले. हा किस्सा बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तेव्हा परदेशातल्या मित्रांकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न होता, "एनआरओ म्हणजे काय रे?" आणि हे सगळे इंजिनिअर!

उस्मानपुऱ्यातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं आज जर्मनी, अमेरिका, आखाती देश अशी सगळीकडे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी मायदेशी ११८.७ अब्ज डॉलर पाठवले आणि त्यात सर्वाधिक, २०.५ टक्के वाटा महाराष्ट्रात आला. म्हणजे हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणूनच हे सगळं एकदा नीट समजून घेऊया.

नियम नेमका काय आहे?

परकीय चलनाचे व्यवहार 'फेमा' या कायद्यानं चालतात. १९९९ चा हा कायदा १ जून २००० पासून लागू झाला. त्यानुसार भारतात राहणाऱ्यांसाठीचं साधं बचत खातं अनिवासी व्यक्तीला तसंच चालवता येत नाही. परदेशी गेल्यावर बँकेला कळवून ते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावं लागतं. खातं बंद होत नाही, पैसे कुठं जात नाहीत. फक्त खात्याचा प्रकार बदलतो. हे कळवण्याची जबाबदारी खातेदाराची आहे. बँक स्वतःहून शोधत येत नाही, त्यामुळेच वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

मी एनआरआय कधी होतो?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. "१८२ दिवस झाल्याशिवाय एनआरआय होत नाही," असं सर्रास सांगितलं जातं. ही दिवसांची मोजणी प्रामुख्यानं प्राप्तिकरासाठी आहे. बँक खात्याला फेमाची व्याख्या लागू होते आणि त्यात जाण्याचं कारण महत्त्वाचं ठरतं. नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडला, तर तुम्ही निघाल्यापासूनच अनिवासी. कंपनीच्या कामासाठी किंवा फिरायला दोन महिने गेलात, तर नाही.

शिकायला गेलेल्यांचं काय? रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे की परदेशात शिकणारे विद्यार्थी फेमासाठी एनआरआय मानले जातील. म्हणजे एमएस करायला गेलेल्या मुलालाही हा नियम लागू आहे. त्यानं निघण्याआधी घेतलेलं शैक्षणिक कर्ज मात्र आहे तसं सुरू राहतं.

एनआरओ, एनआरई, एफसीएनआर: फरक काय?

तीन नावं ऐकून घाबरू नका. पैसा कुठून आला, एवढं विचारलं की उत्तर मिळतं.

● एनआरओ: भारतातल्या कमाईसाठी. घरभाडं, जुन्या ठेवींचं व्याज, पीएफ, शेअरचा लाभांश इथं जमा होतो. जुनं बचत खातं बदलून हेच होतं. व्याजावर भारतात कर लागतो. यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, पण त्याआधी कर भरल्याची कागदपत्रं द्यावी लागतात.

● एनआरई: परदेशातल्या कमाईसाठी. तिकडून पाठवलेले युरो, डॉलर इथं रुपयांत जमा होतात. मुद्दल आणि व्याज दोन्ही कधीही परत नेता येतं. व्याजावर भारतात कर नाही.

● एफसीएनआर: एक ते पाच वर्षांची मुदत ठेव, तीही परकीय चलनातच. रुपया घसरला-वधारला तरी तुमच्या डॉलरला फरक पडत नाही.

एक नेहमीची चूक इथंच सांगायला हवी. बाबांनी इथली रोकड मुलाच्या एनआरई खात्यात भरायची नसते. त्या खात्यात इथले रुपये चालत नाहीत. वडिलांना मुलाला पैसे द्यायचेच असतील, तर ते एनआरओ खात्यात द्यावेत.

दुसरी गोष्ट. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणजे सगळीकडे करमुक्त आहे असं नाही. अमेरिकेत कराच्या दृष्टीनं रहिवासी असाल, तर तिथल्या विवरणपत्रात ते दाखवावं लागतं.

टीडीएस इतका का कापला जातो?

खातं एनआरओ झालं की व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे किमान ३१.२ टक्के कापले जातात. समजा, ५ लाखांची ठेव आहे आणि व्याज ७ टक्के आहे. वर्षाचं व्याज ३५,००० रुपये. त्यातले १०,९२० रुपये थेट कापले जाणार. हे पाहूनच अनेक जण "कशाला सांगायचं बँकेला?" म्हणून गप्प बसतात.

पण यावर सरळ मार्ग आहे. भारत आणि इतर देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत. जर्मनीसोबतच्या करारात व्याजावरचा भारतातला कर १० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, अमेरिकेसोबतच्या करारात साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे वरच्या उदाहरणात जर्मनीतल्या खातेदाराचे १०,९२० ऐवजी ३,५०० रुपये कापले जातील. त्यासाठी तिकडच्या कर कार्यालयाकडून रहिवासाचं प्रमाणपत्र घेऊन ते दरवर्षी बँकेत द्यावं लागतं. ते राहून गेलं आणि जास्त कर कापला गेला, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो.

सातारा परिसरात किंवा वाळूजला फ्लॅट घेऊन तो भाड्यानं दिला असेल, तर आणखी एक गोष्ट. घरमालक अनिवासी असेल, तर भाडेकरूनं भाड्यातून टीडीएस कापून भरणं अपेक्षित असतं, भाडं कितीही कमी असलं तरी. भाडेकरूला हे माहीत नसतं आणि नोटीस आली की वाद सुरू होतात. भाडेकरार करतानाच ठरवून घ्या.

जुनं खातं तसंच ठेवलं तर काय होईल?

उद्या पोलीस दारात येतील, असं नाही. पण फेमाचा भंग झाल्याचं सिद्ध झालं, तर दंडाची तरतूद मोठी आहे. रक्कम मोजता येत असेल तर त्या रकमेच्या तिपटीपर्यंत, मोजता येत नसेल तर २ लाख रुपयांपर्यंत आणि भंग सुरूच राहिला तर पुढं दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत. प्रत्यक्षात बहुतेकांना फटका बसतो तो वेगळ्या ठिकाणी. केवायसी अडकते, ठेव मोडता येत नाही, घर विकल्यावर पैसे बाहेर नेता येत नाहीत.

खात्यात दोन वर्षं स्वतःहून कोणताच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं दावा न केलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते. ती तेव्हाही परत मागता येते. अशा विस्मृतीत गेलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल २०२३ पासून सुरू आहे. पण तिथपर्यंत वेळ येऊ का द्यायची?

आई-बाबांनी पैसे कसे काढायचे?

आमच्या काकूंचं खरं दुखणं हेच होतं. मुलाचं कार्ड आणि पिन आईकडे ठेवणं हा बहुतेक घरांतला उपाय आहे. पण तो नियमात बसत नाही आणि कार्ड अडकलं की काहीच हाती राहत नाही. त्याऐवजी तीन मार्ग आहेत.

१. घरखर्चाचे पैसे थेट आईच्याच खात्यात पाठवा. मुलानं आई-वडिलांना दिलेल्या रकमेवर त्यांना प्राप्तिकर लागत नाही. त्या पैशावर पुढं मिळणारं व्याज मात्र आई-वडिलांचं उत्पन्न धरलं जातं.

२. आई-बाबांच्या साध्या खात्यात तुमचं नाव जोडा. जवळच्या अनिवासी नातेवाइकाला 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीनं संयुक्त खातेदार करता येतं. अट एकच, त्या खात्यातून तुम्ही व्यवहार करायचे ते आई-बाबांच्या वतीनं. तुमची स्वतःची बचत तिथं ठेवायची नाही.

३. तुमच्या एनआरओ किंवा एनआरई खात्यासाठी आई-बाबांना मुखत्यारपत्र द्या. त्यावर ते इथली देणी भागवू शकतात. एनआरई खात्यात त्यांचं नाव जोडता येतं, पण 'पहिला किंवा हयात असेल तो' या पद्धतीनंच. म्हणजे फक्त नाव जोडलं म्हणून त्यांना पैसे काढता येत नाहीत, मुखत्यारपत्र लागतंच.

आणि नॉमिनी? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. पहिल्या वर्षी उघडलेल्या खात्यात हा रकाना बहुधा रिकामाच असतो. एकदा तपासा.

घरी पैसे पाठवताना काय बघायचं?

"शून्य शुल्क" या जाहिरातीला भुलू नका. खरा खर्च विनिमय दरात लपलेला असतो. गुगलवर दिसणाऱ्या दरापेक्षा युरोमागं एक रुपया कमी मिळाला, तर १,००० युरोवर १,००० रुपये गेले. म्हणून शुल्क किती हे विचारू नका. "माझ्या इतक्या युरोचे खात्यात नेमके किती रुपये येणार?" हे विचारा आणि दोन-तीन ठिकाणी तुलना करा.

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पैसे पाठवण्यावर १ टक्का कर आला आहे. तो रोख रक्कम, मनीऑर्डर अशा मार्गांनी पाठवलेल्या पैशावर आहे. तिथल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट, क्रेडिट कार्डनं पाठवलं, तर लागत नाही.

यूपीआयची सोयही आता आहे. परदेशी मोबाइल नंबरवर एनआरई, एनआरओ खातं जोडून यूपीआय वापरायला जानेवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीच्या दहा देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, सिंगापूर, यूएई, सौदी अरेबिया यांचा समावेश होता. जर्मनी त्यात नव्हता. तुमचा देश यादीत आहे का, ते बँकेच्या अ‍ॅपवर पाहून घ्या.

उलट दिशेनं, म्हणजे बाबांना मुलीच्या फीसाठी पैसे पाठवायचे असतील, तर एका व्यक्तीला वर्षाला २.५ लाख डॉलरची मर्यादा आहे. वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की बँक 'टीसीएस' कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर तो लागत नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, विवरणपत्रात वळता करता येतो.

"तू मला इथं युरो दे, बाबा तिकडे रुपये देतील"

विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास दिसतो. एकाला युरो हवेत, दुसऱ्याला घरी रुपये पाठवायचेत. दोघं आपापसात जुळवून घेतात, दोघांचे बाबा इथं आपापसात रुपये देतात-घेतात. शुल्क वाचतं, सगळे खूश. पण अधिकृत बँकेला वगळून केलेला हा व्यवहार फेमाच्या विरोधात आहे. सोप्या भाषेत, ही हवालाच झाली. समोरच्याचे रुपये कुठल्या सायबर फसवणुकीतले निघाले, तर तुमच्या बाबांचं खातं गोठवलं जाऊ शकतं आणि त्यांना पोलीस ठाण्याच्या चकरा माराव्या लागतात.

तसंच, "तुझं जुनं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो," असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा. फसवणुकीचा पैसा फिरवायला अशीच भाड्याची खाती लागतात. अशी 'म्यूल' खाती पकडण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या संस्थेनं डिसेंबर २०२४ मध्ये एआयवर चालणारी यंत्रणाही आणली आहे. परदेशातही हाच सापळा विद्यार्थ्यांसाठी लावला जातो आणि तिथं त्यात व्हिसाही जाऊ शकतो.

तिकडे खातं कसं उघडतात?

जर्मनीत विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद आधीच दाखवावी लागते. त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे 'ब्लॉक्ड अकाउंट'. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथं गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यासाठी लागणारं चालू खातं उघडायला घराचा पत्ता पालिकेत नोंदवल्याचा कागद लवकर काढलेला बरा. बँक टाळाटाळ करत असेल, तर हे लक्षात ठेवा: युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही मूलभूत खातं उघडण्याचा हक्क आहे.

अमेरिकेत इथला सिबिल स्कोअर सहसा कामाला येत नाही. पत शून्यापासून उभारावी लागते. अनामत ठेवून मिळणारं छोट्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड आणि वेळेवर बिल, हीच सुरुवात. आणि तिथं कराच्या दृष्टीनं रहिवासी झालात की एक फॉर्म विसरू नका. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर 'एफबार' भरावा लागतो. आईसोबतचं संयुक्त खातंही त्यात धरलं जातं.

उलटा प्रवास: आपल्या शहरातले परदेशी विद्यार्थी

हाच अनुभव आपल्या शहरात दुसऱ्या बाजूनंही दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेनसह अनेक देशांतले विद्यार्थी शिकायला येतात. त्यांनाही इथं एनआरओ खातंच उघडावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्रावर ते उघडतं, पण स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यावा लागतो. तोवर परदेशातून १,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि खात्यावर एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा असते. त्या पुराव्यासाठी बहुतेकदा भाडेकरार लागतो. खोली देताना करार करायला टाळाटाळ करणाऱ्या घरमालकांनी हे लक्षात घ्यावं. आपली मुलंही तिकडे पत्त्याच्या कागदासाठी अशीच कुणाच्या तरी दारात उभी असतात.

निघण्याआधी हे करा

● शाखेत जाऊन एनआरओ, एनआरईचा अर्ज आणि कागदपत्रांची यादी घ्या. व्हिसा, नोकरीचं पत्र किंवा प्रवेशपत्र दाखवून कुठली प्रक्रिया आत्ताच पूर्ण होते, ते विचारा. परदेशातून कागद पाठवायचे, तर ते तिथल्या नोटरीकडून, भारतीय दूतावासातून किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेतून साक्षांकित करावे लागतात.
● चार-पाच खाती असतील तर एक-दोनच ठेवा, बाकीची बंद करा.
● ओटीपीचा नंबर जिवंत ठेवा. सिमचं रिचार्ज चुकवू नका किंवा परदेशी नंबर खात्याला जोडून घ्या.
● आई-बाबांच्या नावावर स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र कार्ड असू द्या. तीन-चार महिन्यांचा खर्च आणि दवाखान्याचं डिपॉझिट भरता येईल एवढी रक्कम त्यात ठेवा.
● नॉमिनी तपासा. मुखत्यारपत्र करायचं असेल तर इथंच करून जा.
● म्युच्युअल फंड आणि डिमॅटमध्येही एनआरआय म्हणून नोंद करा. पीपीएफ खातं मुदतीपर्यंत सुरू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.
● ठेवी एकाच बँकेत ठेवू नका. बँक अडचणीत आली, तर विम्याचं संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीला ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. एनआरई, एनआरओलाही हीच मर्यादा.
● कायमचे परत आलात, तर पुन्हा बँकेला कळवा. एनआरओ, एनआरई खाती तेव्हा साध्या खात्यात बदलावी लागतात.

माझ्या मित्राचे कागद स्टुटगार्टहून कुरिअरनं दोनदा आले. पहिल्यांदा साक्षांकन अपुरं होतं. आता त्याचं जुनं खातं एनआरओ झालं आहे, पगारातली बचत एनआरईत जाते आणि काकूंच्या नावावर त्यांचं स्वतःचं खातं आहे. परवा काकू त्याच काउंटरवर पासबुक भरायला गेल्या होत्या. मॅडमनी ओळखलं आणि विचारलं, "मुलगा काय म्हणतो?" काकूंनी सांगितलं, "बरा आहे. दिवाळीला येतोय." पासबुक भरून मिळायला पाच मिनिटं लागली.

(करविषयक नियम आणि दर बदलत असतात. मोठा व्यवहार करण्याआधी बँक आणि सनदी लेखापालांचा सल्ला जरूर घ्या.)